धडा चौथा: हुडकतोय

विट्यात, मायणी रस्त्याला, भट्टीच्या खोलीत
रात्री साडेनऊनंतर मी चिनी शिकतो.
दिवाळी झाली की ग्वांगझोला जायचंय, मुशी आणायला.
बाराशे अंशांना न तडकणाऱ्या.
इथल्या तीन तडकल्या, दोन महिन्यांत,
एकीतून तर रस थेट राखेत गेला.

फोनमधली बाई सावकाश म्हणते:
वो चाय चाओ.
मी शोधतोय.
आणि पुढं एक रेघ, रिकामी.
काय शोधताय ते तुम्ही भरायचं.

पहिला च चाकातला, दुसरा चहातला.
एवढं मला फुकट मिळालंय,
आपल्या भाषेनं दोन्ही च आधीच तोंडात ठेवलेत.
अडतं ते सुरावर.
चाओ म्हणताना आवाज खाली सोडायचा,
आडात पडलेली घागर दिसते का म्हणून वाकावं तसा,
आणि तळाला लागला की वर ओढायचा.
माझा तळालाच राहतो.

"चहा सांगतोस व्हय कुणाला?"
आण्णा, दारातनं.
नाही, म्हटलं, मी शोधतोय, असं म्हणतोय.
"मग हुडकतोय म्हण की.
शोधत्यात ते पोलीस."

रेघेवर ठेवायला फोन शब्द सुचवतो:
स्टेशन. छत्री. डॉक्टर. मांजर.
मांजर म्हणजे माओ.
हे ऐकून आर्वी अंथरुणातून उठून येते,
माऊ? तिकडं पण माऊच?
आणि अंगणभर, अनवाणी,
वो चाय चाओ माओ, वो चाय चाओ माओ,
सगळे सूर जागच्या जागी.
कोळशाच्या पोत्यामागून आमची माऊ बाहेर येते,
एकही धडा न शिकलेली.

मूस हा शब्द फोनला ठाऊक नाही.

आण्णांनी चाळीस वर्षं माती विकत घेतली.
सराफाच्या बैठकीखालची, झाडून ठेवलेली,
त्यात पायपुसणं, कारागिराचा फाटका गंजीफ्रॉक,
हात धुतलेल्या पाण्याचा गाळ.
जाळायचं, कुटायचं, धुवायचं,
मग परातीवर वाकून बसायचं
पाणी स्थिर होईपर्यंत.
कधी गव्हाएवढं. कधी नुसती चमक.
कधी सांजेपर्यंत माती ती मातीच.

"ईरोडला उतरलो तवा चौदाचा हुतो," ते सांगतात,
मी विचारलेलं नसताना.
"मामाच्या पत्त्याची चिठ्ठी घामानं पुसलेली.
गाडीत एकानं एकच शब्द शिकवलेला, तेडुरेन.
हुडकतोय.
काय हुडकतोय ते सांगता येईना.
दिसंल त्याला तेडुरेन, तेडुरेन.
इडलीच्या गाड्यावरल्या बाईनं आधी खाया घातलं,
मग गाडा पोराकडं देऊन गल्लीगल्लीनं हिंडवलं,
आन् ज्या दारातनं ॲसिडचा वास आला
तितं नेऊन हुबा केलं."

पैसे घेतले तिनं?
"पाचाची नोट दिली मी.
इडलीचं घेतलं, बाकी मोड मोजून हातावर ठेवली."

पाचवा धडा मी चोरून आधीच बघितलाय.
त्यातही हाच शब्द आहे, चाओ,
फक्त तिथं अर्थ दिलाय: मोड परत देणे.
एकाच शब्दात दोन्ही कसं मावतं,
ते बाई सांगत नाही,
पुढच्या वाक्याला जाते.

आण्णा फोनजवळ तोंड आणतात.
चष्मा कपाळावर, भुवया जळून विरळ झालेल्या.
वो. चाय. चाओ.
आवाज खाली गेला, थांबला,
पाणी स्थिर होईपर्यंत थांबावं तेवढाच,
आणि काहीतरी घेऊन वर आला.
फोनवर हिरवी खूण.

"मुशीला काय म्हणत्यात?"
फोनला येत नाही, आण्णा.

ते उठतात, भट्टीमागं हात घालून चाचपडतात,
राख फुंकतात.
"मग ही तडकलेली ने संगं," म्हणतात,
"तेवढं म्हणायचं, आन् ही दावायची."